रडू येत नाही, मग डोळ्यात पाणी का येतं?

प्रश्न : मिसळीवर कट जरा जास्त घेतला की माझ्या डोळ्यांतनं धारा लागतात, जांभई आली तरी तेच, आणि परवा नाकातला केस उपटला तर डोळा गच्च भरला. बायको म्हणते तुम्ही आतल्या आत कसलंतरी टेन्शन घेताय. मला कसलंच दुःख नाही हो. मग हे काय? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वहिनींना सांगा, टेन्शन बिन्शन काही नाही, ही सगळी नसांची भानगड आहे. चेहरा, नाक, तोंड आणि बुबुळाचा पुढचा भाग, एवढ्या सगळ्यांची खबर मेंदूकडं नेणारी एकच मोठी नस असते, ट्रायजेमिनल. तिनं कुठूनही 'झोंबलं' म्हणून कळवलं की मेंदूच्या खालच्या भागातनं दुसऱ्या नसेमार्फत, म्हणजे फेशियल नर्व्हमार्फत, अश्रुग्रंथीला ऑर्डर सुटते, पाणी सोड. यात मनाला कोणी विचारतच नाही. म्हणून केस नाकातला आणि पाणी डोळ्यात. (केस उपटू नका बरं, तिथं पू धरतो कधीकधी, छोट्या कात्रीनं कापा.)

कटाचं तर अजून मजेशीर आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या ज्या टोकांना लागतं ती टोकं खरी साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखायला असतात, त्यामुळं मेंदूला वाटतं तोंड भाजलं आणि तो डोळे, नाक, लाळ सगळे नळ एकदम सोडतो. वर डोळ्यातलं पाणी बारीक नळीनं नाकातच उतरतं, म्हणून तांबड्या रश्श्यासोबत रुमाल लागतोच, त्यात लाजण्यासारखं काय!

कांद्याचं तसंच, फक्त तिथं चिरल्यावर तयार झालेला वायू थेट बुबुळावर जाऊन झोंबतो. तो वायू बनवणारं खास एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. सुरी धारदार ठेवा आणि कांदा आधी फ्रीजमध्ये ठेवा, बराच फरक पडतो.

जांभईचं मात्र वेगळं, तिथं काही झोंबत नाही. तोंड वासताना आपण डोळे गच्च मिटतो, त्या दाबानं ग्रंथी पिळली जाते आणि पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यातली पाणी जायची बारकी भोकंही दाबली जातात, मग मोरी तुंबल्यासारखं पाणी बाहेर सांडतं.

हां, एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी कधी तोंड वाकडं झालं असेल, म्हणजे चेहऱ्याचा लकवा, आणि आता साधा वरणभात जेवतानाही त्याच बाजूच्या एकाच डोळ्यातनं पाणी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण बरं होताना लाळेच्या नसेचे धागे चुकून अश्रुग्रंथीला जोडले जातात. आणि दिवसभर उगाचच डोळे पाणावत असतील तर पुष्कळदा डोळा कोरडा पडलेला असतो, ऐकायला उलटं वाटतं पण कोरडेपणा टोचतो म्हणूनच ग्रंथी पाणी सोडत राहते. अशा वेळी मेडिकलमधनं मनानं ड्रॉप आणून घालत बसू नका, आधी तपासून घ्या.