डेटाबेस आणि एआय हाताशी असताना डायजेस्ट शिकावे का?

आपला प्रश्न असा आहे की, शब्द टाकताच शेकडो निवाडे समोर आणणारे डेटाबेस आणि थेट उत्तर लिहून देणारी एआय साधने उपलब्ध असताना कायद्याच्या विद्यार्थ्याने डायजेस्ट (निवाड्यांतील मुद्दे विषयवार शीर्षकांखाली लावलेले सारसंग्रह), विषयसूची आणि सायटेशनचे (एका निवाड्याचा पुढे कुठे उल्लेख झाला ते दाखवणारे) तक्ते वाचायला शिकण्यात वेळ घालवावा का. कायद्याच्या ग्रंथालयात वकिलांना व विद्यार्थ्यांना निवाडे शोधून देण्याचे काम मी करतो आणि माझे उत्तर निःसंदिग्धपणे 'होय' असे आहे. डेटाबेस काय सापडले ते दाखवतो. काय सुटले याची खूण तो कुठेच ठेवत नाही, आणि ते ओळखण्याची नजर या जुन्या साधनांवर काम करतानाच तयार होते.

याविषयीचा सर्वांत बोलका पुरावा डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळतो. एका मोठ्या दाव्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, आयबीएमच्या 'स्टेअर्स' या, शब्दांवरून दस्तऐवज शोधणाऱ्या प्रणालीत साठवलेली होती. उपयोगाच्या दस्तऐवजांपैकी निदान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत, अशी वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात ते प्रमाण सरासरी २० टक्क्यांच्या आसपास निघाले. कारण साधे होते. शोध 'अपघात' या शब्दाने घेतला जात होता, पण ज्यांना जबाबदारी टाळायची होती त्यांनी आपल्या पत्रांत 'घटना', 'परिस्थिती', 'अडचण' असे सौम्य शब्द वापरले होते आणि काही ठिकाणी तर 'आपल्या मागील पत्राचा विषय' एवढाच उल्लेख होता. त्या काळापेक्षा आजच्या प्रणाली पुष्कळ सुधारल्या आहेत, समानार्थी शब्दही त्या बऱ्यापैकी ओळखतात. तरीही शोधणाऱ्याचे समाधान आणि शोधाची पूर्णता यांत एवढे अंतर असू शकते, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

निवाड्यांच्या बाबतीत हे कसे घडते ते पाहा. कर्मचाऱ्याची बाजू न ऐकता त्याला कामावरून काढल्याचा प्रश्न आहे आणि आपण 'बडतर्फी' व 'सुनावणी' हे शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत यावेत असा शोध दिला. ज्या न्यायाधीशांनी 'सेवासमाप्ती' आणि 'म्हणणे मांडण्याची संधी' असे लिहिले, त्यांचा निवाडा कितीही महत्त्वाचा असला तरी या यादीत येणार नाही. डायजेस्टमध्ये मात्र कोणीतरी निवाडा वाचून त्यातील मुद्दा ठरावीक शीर्षकाखाली लावलेला असतो, त्यामुळे शब्द कोणतेही असले तरी दोन्ही निवाडे एकाच जागी भेटतात. अर्थात डायजेस्टचीही मर्यादा आहे: शीर्षकांची चौकट जुनी असते आणि नवा विषय कित्येकदा भलत्याच शीर्षकाखाली जाऊन बसतो.

दुसरी वाट सायटेशनची. फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली अमेरिकेत सुरू केलेल्या सूचीचे तत्त्व आजच्या प्रत्येक डेटाबेसमध्ये कायम आहे: एका निवाड्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निवाड्यांत झाला आणि तो मान्य झाला, तथ्ये निराळी म्हणून वेगळा ठरवला गेला की रद्द झाला, हे एकत्र पाहता येते. पण निवाडा आता ग्राह्य नसल्याचा इशारा देणारी पडद्यावरची लाल खूण बहुधा संपूर्ण निवाड्याला लावलेली असते, आणि रद्द झालेला मुद्दा कदाचित आपल्या मुद्द्याशी संबंधित नसतोच. तो नेमका कोणता, हे नंतरचा निवाडा उघडून संबंधित परिच्छेद वाचल्याशिवाय कळत नाही.

एआय साधनांबद्दल २०२३ सालचे न्यूयॉर्कमधील माटा विरुद्ध एव्हियांका हे प्रकरण आपण ऐकले असेल. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यातील मला विशेष गंभीर वाटणारा भाग असा की, हे निवाडे खरे आहेत का, अशी विचारणा त्याच साधनाकडे करण्यात आली होती आणि त्याने 'होय' असे उत्तर दिले होते. खऱ्या डेटाबेसला जोडलेली खास कायद्याची साधने यापेक्षा बरी आहेत, परंतु स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ साली तपासलेल्या अशा साधनांनीही सहापैकी किमान एका उत्तरात चुकीची किंवा निराधार माहिती दिल्याचे आढळले. अनोळखी विषयातील पारिभाषिक शब्द सुचवून घेण्यासाठी ही साधने जरूर वापरावीत. त्यांनी दिलेला प्रत्येक निवाडा मात्र मूळ लॉ रिपोर्टमध्ये किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडून वाचावा.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची १९९२ सालची आणि ऑस्ट्रेलियातील 'ऑस्टली' ही १९९५ सालची, अशा कायद्याची माहिती इंटरनेटवर देणाऱ्या संस्थांपासून कायदा सर्वांना विनामूल्य वाचायला मिळू लागला, याचे मोल फार मोठे आहे. तरीही कोणत्याही डेटाबेसमध्ये शिरताना कोणत्या न्यायालयाचे, कोणत्या वर्षापासूनचे निवाडे त्यात आहेत हे आधी पाहावे, आणि कलमाचा मजकूर आजचा आहे की वाद ज्या प्रसंगातून उद्भवला त्याच्या तारखेस लागू असलेला, हेही तपासावे.

सुरुवात म्हणून एकच प्रश्न डायजेस्टमधून आणि डेटाबेसमधून वेगवेगळा शोधा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एकीत असलेले व दुसरीत नसलेले निवाडे आधी वाचा आणि ते कोणत्या शब्दामुळे किंवा कोणत्या शीर्षकामुळे सुटले, याची नोंद करून ठेवा.