गाणी आणि गेम, दोन्हीसाठी पहिला हेडफोन घेताना काय बघावं?

तुम्हाला गाणी ऐकायला आणि गेम खेळायला मिळून एकच चांगला हेडफोन हवाय. ‘७.१ सराउंड, गेमिंग’ असं लिहिलेला घ्यावा की साधा स्टीरिओ, आणि खोक्यावरच्या आकड्यांपैकी कशाकडे लक्ष द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

साधा स्टीरिओ घ्या. गाण्यांना चांगला असलेला हेडफोन गेमला चालतोच. गेमच्या नावावर विकला जाणारा गाण्यांना चालेलच याची खात्री नाही. हे थोडं खोलात सांगतो, कारण एवढं पटलं की निम्मी दुकानदारी आपोआप बाद होते.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मधे डोकं आडवं येत असल्यामुळे पलीकडच्या कानात आवाज जरा दबून जातो, त्यातही वरच्या पट्टीतला जास्त. पुढचा की मागचा, वरचा की खालचा हे कळतं ते मुख्यतः बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे, कारण प्रत्येक दिशेच्या आवाजाला ती थोडा वेगळा रंग देतात. म्हणजे चहूबाजूंचं जग आपण ऐकतो ते दोनच कानांनी, दोनच वाटांनी. हेच फरक गेमने आधीच हिशेब करून दोन चॅनलमध्ये घातले, तर दोन स्पीकरांचा हेडफोन दिशा दाखवायला पुरेसा असतो. बरेच गेम हे करतात. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये त्यासाठी एचआरटीएफ नावाची सोय आहे, आणि ओव्हरवॉचमध्ये हेडफोनसाठीचं डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१६ पासून आहे.

मग खोक्यावरचं ७.१ म्हणजे काय? नावाला सात बाजूंचे स्पीकर आणि एक बासचा, पण हेडफोनात बहुतेक वेळा फक्त सॉफ्टवेअर. आत प्रत्येक बाजूला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, असतो. हे सॉफ्टवेअर नेहमीच वाईट असतं असंही नाही. एखाद्या जुन्या गेममध्ये हेडफोनसाठी वेगळी सोय नसेल, तर त्याचा थोडा उपयोग होतो. पण तेवढ्यासाठी पैसे मोजायची गरज नाही, विंडोजमध्ये ‘विंडोज सोनिक’ फुकट आहे. गडबड होते ती दोन्ही एकदम चालू ठेवल्यावर. गेमने एकदा दिशा घातलेली, त्यावर हेडसेटने पुन्हा घातली, की पावलांचा आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा घुमतो आणि शत्रू नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं. गेमच्या सेटिंगमध्ये ‘हेडफोन’ किंवा ‘स्टीरिओ’ निवडा आणि बाकी सगळं बंद ठेवा. गाणी ऐकताना तर ते बंदच हवं.

गेमिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या हेडसेटबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून अनेकांमध्ये बास फुगवलेला असतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकतो, हा आपल्या कानाचा स्वभाव आहे. त्यामुळे दणका मिळतो, पण ज्यासाठी हेडफोन घेतला ती पावलं, बंदूक भरल्याचा खटका, दाराची करकर हे सगळं त्याखाली जातं. गाण्यातही तेच होतं, गायकाचा आवाज ड्रमच्या मागे ढकलला जातो. अर्थात नुसत्या लेबलवरून कुणाला नापास करू नका. हायपरएक्स क्लाउड हा हेडसेट नवख्यांना इतकी वर्षं सुचवला जातो, त्याचं कारण तो मुळात टकस्टार प्रो ८० या मॉनिटर (स्टुडिओत वापरायच्या) हेडफोनच्या सांगाड्यावर बनला. वेगळा माइक सांभाळायचा कंटाळा असेल तर असा हेडसेट घेण्यात काहीच कमीपणा नाही.

आता स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न: बसणार कुठे?

हेडफोनचे कप मागून बंद असतात किंवा जाळीचे, म्हणजे उघडे. जाळीचा म्हणजे ओपन-बॅक. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला तेव्हापासून हा प्रकार रुळला. त्यात आवाज कपात कोंडत नाही, म्हणून गाणं मोकळं वाटतं, वाद्यं एकमेकांपासून सुटी ऐकू येतात, आणि तासन्‌तास खेळलं तरी कान फारसे तापत नाहीत. पण आतलं सगळं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. पंखा, टीव्ही, शेजारच्या खोलीतलं बोलणं, काहीच अडत नाही. अगदी खोलवरचा बासही बहुधा कमी असतो. क्लोज्ड-बॅकचं याच्या उलट: बास भरीव, बाहेरचा गोंगाट कमी, कान लवकर घामेजतात.

स्वतःची शांत खोली असेल तर मी डोळे मिटून ओपन-बॅक घ्या म्हणेन. फिलिप्स एसएचपी ९५०० किंवा सेनहायझर एचडी ५६० एस ही त्यातली सरळ नावं. बायरडायनॅमिक डीटी ९९० ची तारीफ खूप ऐकाल. दिशा त्यात छान कळते, पण ट्रेबल टोकदार आहे आणि ‘स’, ‘श’ काही जणांच्या कानाला टोचतात, तेव्हा न ऐकता घेऊ नका. त्याच खोलीत दुसरं कुणी झोपत असेल, अभ्यास करत असेल, तर वादच नाही, क्लोज्ड-बॅक. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिक डीटी ७७०, सोनी एमडीआर-७५०६. सोनीचा हा हेडफोन १९९१ पासून स्टुडिओंमध्ये राबतोय. त्याची गुंडाळीची वायर मात्र जड आहे आणि सारखी खाली ओढते.

दुसरा प्रश्न वायरचा. इथे नवखे हमखास फसतात, कारण ब्लूटूथ सोयीचं वाटतं आणि सिनेमा बघताना तर काहीच अडचण दिसत नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. व्हिडिओचं अ‍ॅप तेवढा वेळ चित्रच थांबवून धरतं, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. गेमला ती पळवाट नाही. तुम्ही गोळी कधी झाडणार हे त्याला आधी कळत नाही. सेकंदाला ६० फ्रेमने खेळताना एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज येईपर्यंत चित्र नऊ ते पंधरा फ्रेम पुढे गेलेलं असतं. त्यात तुम्ही हेडफोनचाच माइक चालू केलात, की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ फोनकॉलच्या मोडमध्ये जातं आणि स्टीरिओ गाणं एकदम पातळ, एकसुरी होतं. एलई ऑडिओ या नव्या प्रकारात यावर उपाय आहे, पण हेडफोन आणि मशीन दोन्हीकडे तो हवा. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा यूएसबी डोंगल सोबत येतो तो घ्या. त्यातला उशीर खेळताना जाणवत नाही. मी मात्र पहिल्या हेडफोनला वायरच सुचवेन. तेवढ्याच पैशांत आवाज चांगला मिळतो आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी मान टाकेल ही चिंता राहत नाही.

माइक वेगळा घेता येतो. टेबलावरचा, कॉलरला लावायचा, किंवा हेडफोनच्या कपाला चिकटणारा दांडीचा. वायर कपातून सुटी होत असेल तर वी-मोडा बूमप्रोसारखी माइकवाली वायर काही हेडफोनांना थेट बसते. आपल्या मॉडेलला बसते का ते आधी बघा. कॉम्प्युटरला हेडफोन आणि माइकची भोकं वेगवेगळी असतील तर दोन तोंडांचा स्प्लिटर लागेल. फोनला ३.५ एमएमचं भोकच नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारा अडॅप्टर.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी बरेचसे दुर्लक्ष करण्यासारखे आहेत. माणसाला ऐकू येतं २० ते २०,००० हर्ट्झ, वय वाढतं तसं वरचं टोक घसरत जातं. ४०,००० पर्यंतची बढाई वटवाघळांना सांगावी. ड्रायव्हर ४० एमएमचा की ५० चा यावरूनही आवाजाची प्रत कळत नाही.

बघायचे ते आकडे दोन, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये), आणि ते एकत्र बघायचे. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ पासूनचा नावाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे. तो थेट फोनला लावलात तर आवाज मरगळलेला येऊ शकतो. डीटी ७७० तर ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो, मागवताना नीट बघा. पण ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा असा सरळ हिशेब नाही. एकेजी के७०२ फक्त ६२ ओहमचा आहे आणि त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ लिहिलेली असते, तरी तो फोनवर दमतो. कारण तो आकडा एका व्होल्टला मिळणाऱ्या डेसिबलचा आहे, आणि एका मिलिवॉटच्या हिशेबाने तो ९३ च्या आसपास येतो. दोन हेडफोनांची तुलना करताना एकक तेच आहे ना, हे म्हणून तपासायचं. ओहम ८० पर्यंत आणि एका मिलिवॉटला १०० डेसिबलच्या जवळपास असेल तर आवाजाला जोर देणाऱ्या वेगळ्या अ‍ॅम्पच्या भानगडीत पडू नका. लॅपटॉप, फोन, कन्सोलचा कंट्रोलर, सगळीकडे तो वाजेल.

आणि आता ज्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते: डोक्यावर बसतो कसा. दुकानात दोन मिनिटं लावून काही कळत नाही. शक्य असेल तर अर्धा तास तरी घालून बसा. कानाच्या टोकाला आतला भाग टेकतोय का? टेकत असेल तर तासाभरात तिथे दुखणार. दाब जास्त असेल तर जबडा आणि कानामागचं हाड कुरकुरतं, कमी असेल तर मान वळवली की हेडफोन सरकतो. २५० ते ३०० ग्रॅम वजन बहुतेकांना झेपतं. प्लॅनर जातीचे, म्हणजे आत सपाट पडदा आणि चुंबकं असलेले, बरेचदा ४०० च्या पुढे जातात आणि मानेला जाणवतात. चष्मा असेल तर काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहते. क्लोज्ड-बॅकमध्ये त्या फटीतून बास निसटतो, म्हणून चष्मा लावूनच ऐकून बघा. मखमली गादी कमी गरम होते. गाद्या आणि वायर बदलता येतात का हे विचाराच, कारण आधी झिजतात त्या याच दोन गोष्टी. दुसऱ्या मापाची किंवा कापडाची गादी बसवली तर आवाजही बदलतो, हे ध्यानात असू द्या.

फिटिंगला मी आवाजाच्या बरोबरीने, खरं तर वरच ठेवतो. आवाज नंतर सुधारता येतो. विंडोजवर बास, ट्रेबल कमी-जास्त करणारं ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतं. अनेक हेडफोनांची मोजमापं आणि त्यावरून काढलेल्या इक्वलायझरच्या सेटिंग्ज इंटरनेटवर तयार सापडतात. त्या बहुधा हार्मन कंपनीच्या वक्राला, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती असावा याच्या आलेखाला, धरून असतात. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन तो काढला. त्याला शेवटचा शब्द मानू नका, पण सुरुवात करायला तो चांगला आहे. बास थोडा जास्त किंवा ट्रेबल थोडं टोकदार असेल तर दोन-तीन डेसिबलने खाली आणता येतं. कानाला रुतणारा कप मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने रुंद होत नाही.

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकाल तेव्हा आवाजाची पातळी आधी सारखी करा. किंचित मोठा वाजणारा आपल्याला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि विकणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. गाणी तोंडपाठ असलेलीच लावा. आधी गाणाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटतोय का ते बघा. तो परका वाटला तर पुढे जाण्यात अर्थ नाही. तबल्याचं रेकॉर्डिंग असेल तर डग्ग्याची घुमक संपते कुठे ते नीट कळतं का, की नुसता धपधप गोळा येतो? मागचा तानपुरा गायक सुरू झाल्यावरही ऐकू येतो का? मग गेम लावा, डोळे मिटा, दुसऱ्या कुणाला तरी पात्र फिरवायला सांगा आणि पाऊल कुठून येतंय तिकडे बोट दाखवा. मागचं आणि पुढचं थोडं चुकेल, ते सगळ्यांचंच चुकतं. डावं-उजवं चुकलं तर हेडफोन उलटा घातलाय!

हे सगळं मोठ्या कपांच्या हेडफोनांबद्दल झालं. वायरवाले इन-इअर घ्यायलाही हरकत नाही. कमी पैशांत त्यांचा आवाज आश्चर्य वाटावं इतका चांगला मिळतो, बाहेरचा गोंगाटही ते अडवतात. मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडू आत इन-इअर घालतात आणि गर्दीचा आवाज रोखायला वरून हेडसेट चढवतात. तासन्‌तास कानात काही खुपसून बसणं मला स्वतःला जमत नाही, तुम्हाला जमत असेल तर जरूर विचार करा.

आणि आवाज किती मोठा ठेवायचा तेही सांगतो, कारण पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज चढवायचा आणि मग ग्रेनेड थेट कानात फुटायचा, हा खेळणाऱ्यांचा नेहमीचा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. बऱ्याच गेममध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ असं सेटिंग असतं. ते लावलं की बारीक आवाज वर येतात, मोठे खाली जातात, आणि एकंदर आवाज दोन घरं कमी ठेवूनही पावलं ऐकू येतात. गाणी लावताना त्याचा संबंध नाही, ते गेमपुरतंच असतं.

तुमची खोली कशी आहे, चष्मा आहे का, माइक रोज लागतो की कधीतरी, आणि लावणार कशाला, म्हणजे फोन, कॉम्प्युटर की कन्सोल, एवढं खाली लिहिलंत तर दोन-तीन नेमकी मॉडेल सुचवतो.