वाचक विचारतात: लहानपणीच्या भुताच्या सिरीयल्स अजून का हव्याशा वाटतात?

प्रश्न: ताई, मी आता पस्तिशीत आहे. लहानपणी एक सिरीयल बघायचे, त्यात काही मुलं रात्री जंगलात शेकोटीभोवती बसून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात. मध्यंतरी तिचे जुने एपिसोड सापडले आणि मी रात्रभर बघतच बसले. भीती अशी वाटली नाही, पण सुरुवातीचं म्युझिक लागल्याबरोबर अंगावर काटा आला आणि चक्क डोळ्यात पाणी आलं. नवरा म्हणतो लहान मुलांचं काय बघत बसलीस. आणि गंमत म्हणजे आत्ताच्या मोठ्यांच्या हॉरर वेबसिरीज मला दहा मिनिटंसुद्धा बघवत नाहीत. मग यातच एवढं काय आहे?

उत्तर: तुम्ही म्हणताय ती 'आर यू अफ्रेड ऑफ द डार्क', त्या शेकोटीभोवतीच्या मुलांच्या गटाचं नाव मिडनाईट सोसायटी. पहिला एपिसोड १९९० मध्ये कॅनडात दाखवला होता, मग १९९२ ते १९९६ सलग चालली आणि १९९९ मध्ये बहुतेक नवी मुलं घेऊन परत आली. आता तो इंट्रो डोळ्यासमोर आणा बरं, धुक्यातली होडी, आपोआप हलणारा रिकामा झोपाळा, माळ्यावरची खिडकी, विदूषकाची बाहुली आणि मग पेटलेली काडी. भूत कुठेच नाही त्यात, एकसुद्धा नाही, सगळं आपणच मनात भरायचं आणि मुलाच्या मनाइतकं भरपूर सामान कुठल्या प्रॉडक्शनकडे असणार हो.

वेबसिरीज बघवत नाहीत असं तुम्ही लिहिलंय ना, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. म्हणजे तुम्हाला भीती हवीय असं नाहीच, तुम्हाला ती भीती ज्या चौकटीत बसवलेली होती ती चौकट हवीय. आठवून बघा, गोष्ट सांगणारा आधी गोष्टीचं नाव सांगतो, शेकोटीवर चिमूटभर पूड टाकतो, जाळ भडकतो आणि गोष्ट सुरू होते. संपली की परत तीच मुलं दिसतात, कुणी म्हणतं भारी होती, कुणी नाक मुरडतं, मग बादलीभर पाणी ओतून शेकोटी विझवतात आणि सगळे घरी. म्हणजे कितीही घाबरवलं तरी तुम्हाला परत आणून सोडणार हे दर वेळी ठरलेलं, आणि हे लहान मुलाला शब्दात सांगता येत नसलं तरी त्याला पक्कं माहीत असतं. दूरदर्शनवर १९८५ मध्ये 'विक्रम और वेताल' लागायचं त्यातही हीच रचना होती, वेताळ पाठीवर, गोष्ट, प्रश्न, राजा बोलला की वेताळ परत झाडावर. स्मशानाची सगळी भीती त्या ठरलेल्या फेरीत बसवलेली.

'स्कूबी-डू'ने तर १९६९ मध्येच हे वेगळ्या पद्धतीने केलं होतं. तेव्हा अमेरिकेत शनिवार सकाळच्या कार्टूनमधली मारामारी खूप वाढलीय म्हणून पालकांच्या संघटना चॅनलवाल्यांच्या मागे लागल्या होत्या, त्या काळात हे आलं, मारामारी नाही, नुसती पळापळ आणि शेवटी मुखवटा काढला की आत कुणीतरी लोभी मोठा माणूस. मला हे अजूनही फार आवडतं. मुलांना ते सांगत होतं की तुम्ही ज्याला घाबरताय ते नीट तपासा, आणि मोठी माणसं खोटं बोलू शकतात. एवढं सरळ मुलांशी बोलणारे कार्यक्रम कमी असतात.

आता अंगावर काटा का आला ते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि अशा वेळी जे घडतं ते मेंदू जास्त पक्कं साठवतो, स्मरणशक्तीचे अभ्यासक जेम्स मॅगॉ यांनी यावर खूप वर्षं काम केलंय. म्हणून त्याच दिवशी बघितलेलं साधं कार्टून विसरलं जातं आणि हे म्युझिक तीस वर्षांनी जसंच्या तसं आठवतं. आणि डॉल्फ झिलमन नावाचे अभ्यासक होते, त्यांनी दाखवलं की एका भावनेने वाढलेली धडधड लगेच उतरत नाही, ती पुढच्या भावनेला जाऊन मिळते. मग काय, शेवट नीट झाला की ती सगळी धडधड सुटकेच्या आनंदात जाते आणि तो आनंद एरवीपेक्षा मोठा वाटतो. तुमच्या आठवणीत भीती आणि सुटका एकत्रच साठवल्या गेल्यात, शेजारी जे कुणी बसलं असेल, भाऊ, बहीण, आजी, तेही त्याच्यासकट. डोळ्यात पाणी आलं ते त्याचंच. मिस्टरांना एक एपिसोड सोबत बसून बघायला लावा, त्यांच्या लहानपणीचं असं काहीतरी नक्की निघेल.

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मला 'करेज द कावर्डली डॉग' हे घाबरट कुत्र्याचं कार्टून जीव की प्राण होतं म्हणून हौसेने त्याला दाखवलं, तर तो रडायलाच लागला आणि आता रात्री लाईट बंद करू देत नाही. मी त्याला सारखं सांगतोय की हे खोटं असतं, तरी उपयोग नाही. काय करू?

उत्तर: तो रामसिस राजाचा एपिसोड होता का? कारण त्याने भल्याभल्यांची झोप उडवली होती, सगळं हाताने काढलेलं कार्टून आणि मध्येच तो कॉम्प्युटरने केलेला हडकुळा हलणारा राजा. तुमचं काही वेडंवाकडं झालेलं नाही, वय लहान पडलं एवढंच. जोअ‍ॅन कॅन्टर यांचं मुलांच्या टीव्हीच्या भीतीवर बरंच संशोधन आहे, त्यातून दिसतं की साधारण सात वर्षांपर्यंत मुलं दिसण्याला घाबरतात, समोरचं विचित्र दिसलं की झालं, ते चांगलं आहे का वाईट हे नंतर. त्यामुळे 'खोटं आहे' हे वाक्य या वयात फारसं पोचत नाही, आठ-नऊच्या पुढे पोचतं. आत्ता जवळ घ्या, लाईट चालू राहू द्या, पाणी द्या, हसू नका आणि 'एवढा मोठा झालास' असं तर अजिबात म्हणू नका. बंद केलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही, दोनेक वर्षांनी तो स्वतःच मागेल. आणि तेव्हा त्याला ती गोष्ट दाखवा जी मला या मालिकेत सगळ्यात मोलाची वाटते, की तो कुत्रा प्रत्येक वेळी थरथर कापतो, किंचाळतो आणि तरीही आपल्या मालकिणीला, म्युरियलला, वाचवायला जातोच. त्याची भीती कधी जातच नाही. घाबरट मुलाला याहून चांगला हिरो मिळणार नाही.

प्रश्न: मी 'गूजबम्प्स' ही मुलांच्या भयकथांची जुनी मालिका परत बघायला घेतली आणि मूडच गेला. रबरी राक्षस, रडकं अ‍ॅक्टिंग. आठवणीतलंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का?

उत्तर: नाही, पण कुठून सुरुवात करताय त्यावर आहे. राक्षस जिथे मुख्य आहे ते एपिसोड जुने वाटणारच. त्याऐवजी 'द हाँटेड मास्क' बघा, १९९५ मध्ये मालिका त्यानेच सुरू झाली. सगळे घाबरवतात म्हणून चिडलेली मुलगी भयानक मुखवटा घालते आणि तो चेहऱ्याला चिकटून बसतो, निघतच नाही. शेवटी तो निघतो तो आईने केलेल्या तिच्याच डोक्याच्या पुतळ्यामुळे, जो सुरुवातीला तिला नकोसा झालेला असतो. यातलं रबर आजही रबरच दिसेल, पण रागाने आपलाच चेहरा हरवायची ती भीती मला मोठेपणी जास्त कळली, तेव्हा मी फक्त मुखवट्याकडे बघत होते आणि आता त्या आईकडे बघते.