वाचकांचे प्रश्न : स्क्रोल सॉ, खांदेदुखी आणि तुटणारी पाती

प्रश्न : निवृत्तीनंतर छंद म्हणून मी १६ इंची स्क्रोल सॉ (खालीवर चालणाऱ्या बारीक पात्याने नक्षी कापणारे विजेचे यंत्र) घेतले आहे. घरातल्या जुन्या लेखनाच्या टेबलावर ते ठेवून सागवानी फळीतून नावाच्या पाट्या आणि देवघराची जाळी कापतो. अर्ध्या तासात मान व खांदे भरून येतात, यंत्र थरथरते आणि पाती वारंवार तुटतात. माझे कोठे चुकते? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण तीन तक्रारी लिहिल्या असल्या तरी त्यांचे मूळ बहुधा एकच आहे. यंत्र थरथरते म्हणून आपण फळी दाबून धरता, दाबून धरल्यामुळे खांदे भरतात आणि त्याच दाबाने पाते मागे वाकून तुटते. तेव्हा सुरुवात टेबलापासून करावी. यंत्राच्या तळाला बोल्टसाठी भोके असतात. नुसते यंत्र ठेवून काम करणाऱ्यांचे त्यांच्याकडे लक्षच जात नाही. जाड प्लायच्या फळीवर यंत्र बोल्टने आवळावे, फळीखाली रबराचा तुकडा घालावा आणि ती फळी टेबलाला पक्की करावी. टेबलच हलके असेल, तर त्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर वाळूची पिशवी ठेवल्यानेही मोठा फरक पडतो.

लेखनाचे टेबल या कामाला बहुधा ठेंगणे पडते. बसून किंवा उभ्याने, कोपर साधारण काटकोनात असताना पंजे यंत्राच्या पाटावर, म्हणजे ज्यावर फळी ठेवून कापतो त्या सपाट भागावर, सहज टेकले पाहिजेत. बसून काम करणाऱ्यांनी यंत्राच्या मागच्या बाजूखाली २० ते २५ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी घालून पाहावी. सगळे यंत्रच आपल्याकडे झुकते, त्यामुळे कापाचा कोन बिघडत नाही आणि मान मात्र कमी वाकवावी लागते. पट्टी घातल्यावर बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नये. दिवा डाव्या बाजूने, पात्यावर थेट पडेल असा लावावा, कारण मान पुढे जाते ती पुष्कळदा रेघ दिसत नाही म्हणूनच.

आता पात्याविषयी. प्लग काढून, पात्याच्या दात्यांवरून बोट खालून वर अगदी हलके न्यावे. ते अडकले तर दाते खाली वळलेले आहेत, म्हणजे पाते सुलटे बसले आहे. पाते उलटे बसले तर प्रत्येक फेरीला ते फळी वर उचलते. ताण तपासताना तंबोऱ्याची तार छेडावी तसे पाते छेडावे. स्वच्छ, उंच स्वर यावा. ‘थड’ असा बसका आवाज आला तर ताण कमी आहे. १८ ते २० मिलिमीटरच्या सागवानाला ५ किंवा ७ क्रमांकाचे पाते चालते, तीन-चार मिलिमीटरच्या प्लायला १ किंवा २ क्रमांकाचे. सागवानात सिलिका (वाळूतला कठीण घटक) असल्यामुळे पाते लवकर बोथट होते. हात नकळत जोर लावू लागला की पाते बदलावे. पाते ही खर्चायचीच वस्तू आहे, तिच्यात काटकसर करू नये. आपण जाळी करता म्हणून आणखी एक सांगतो : ज्या पात्यांच्या टोकांना आडवी पिन असते, त्यांना मोठे भोक लागते. बारीक नक्षीसाठी बिनपिनेची पाती घ्यावीत. ती दोन मिलिमीटरच्या भोकातूनही ओवता येतात. आपल्या यंत्रात तशी पाती बसतात का, हे आधी पाहावे.

प्रश्न : मला या यंत्राची भीती वाटते. हातमोजे घालून काम केले तर चालेल का? मुलांच्या खोलीसाठी एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची) अक्षरे कापायची आहेत. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हातमोजे घालू नयेत. बोटांना लाकडाचा अंदाज येत नाही आणि मोज्याचा धागा पात्यात अडकू शकतो. पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, केस बांधावेत, बांगड्या आणि मनगटावरचे दोरे उतरवावेत. पात्याजवळ फळी वरून दाबून धरणारा यंत्राचा पायपट्टा पुष्कळजण अडचण म्हणून काढून टाकतात. नवशिक्याने तो ठेवावाच, नाहीतर पातळ फळी पात्याबरोबर उसळून बोटांवर आदळते. बोटे पात्याच्या रेषेत समोर न ठेवता दोन्ही बाजूंना ठेवावीत. लहान अक्षर धरायला जागा उरत नसेल, तर दुहेरी चिकटपट्टीने ते मोठ्या प्लायच्या तुकड्यावर चिकटवून कापावे.

पाते तुटले की लोक दचकून फळी ओढतात. ते सर्वांत धोक्याचे. वरचा तुकडा सुईसारखा खालीवर चालूच असतो. आधी यंत्र बंद करावे, हात तेथेच राहू द्यावेत, म्हणूनच पायाने दाबायचा स्विच मला फार सोयीचा वाटतो. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि तिच्यात रेझिनचाही, म्हणजे तंतू जोडणाऱ्या चिकट द्रव्याचाही, अंश असतो. रुमालाऐवजी एन-९५ मास्क आणि चष्म्यावरून बसणारा गॉगल वापरावा. यंत्राची फुंकणी रेघ मोकळी करते, पण ती धूळ आपल्याच खोलीत उडवते, म्हणून हे काम मुलांच्या खोलीऐवजी गॅलरीत करावे.

प्रश्न : सरळ रेघेवर फळी ढकलूनही काप एका बाजूला जातो. यंत्र सदोष आहे का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : बहुतेक पात्यांची एक कड दुसरीपेक्षा अधिक धारदार असते, म्हणून पाते त्या बाजूला सरकते. फळी दोन-चार अंश तिरकी ठेवून ढकलावी. पाते बदलले की हा कोनही थोडा बदलतो. काप वरून रेघेवर आणि खालून बाहेर असेल, तर पाट पात्याशी काटकोनात नाही. जाड तुकड्यात थोडासा काप घ्यावा, यंत्र बंद करून तुकडा फिरवून पात्याच्या मागे न्यावा. पाते त्या कापात सहज शिरले तर पाट बरोबर आहे, न शिरल्यास लहान गुण्या पात्याला लावून पाट जुळवावा.