पार्किन्सन्समध्ये स्टेम सेल ट्रान्सप्लांट केल्याने पेशंट बरा होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पार्किन्सन्स आहे आणि एक क्लिनिक म्हणतंय सलाईनमधून स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) देऊ, मेंदूच्या पेशी परत तयार होतील, तर हे करावं का. सलाईनमधून देणार असतील तर माझ्या मते अजिबात करू नका. माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार आहे म्हणून मी यावर बरंच वाचत असते, आणि घरात असं पेशंट असलं की माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो हे मला चांगलं माहितीये.

शिरेतून दिलेल्या पेशी बहुतेक फुफ्फुसातच अडकतात, मेंदूत जाऊन तिथे डोपामाइन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, पार्किन्सन्समध्ये तेच कमी पडतं) बनवणाऱ्या पेशी होणं ही लांबची गोष्ट. खऱ्या ट्रायलमध्ये काय करतात तर लॅबमध्ये स्टेम सेलपासून डोपामाइन पेशींच्या आधीच्या टप्प्यातल्या पेशी तयार करतात आणि ऑपरेशन करून, कवटीला छोटं भोक पाडून, मेंदूच्या पुटामेन नावाच्या भागात दोन्ही बाजूंना सोडतात.

कल्पना जुनी आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला गर्भाच्या मेंदूतल्या पेशी घालून बघितल्या होत्या, काहींना वर्षानुवर्षं फायदा झाला. पण २००१ मध्ये अमेरिकेतली जी ट्रायल छापून आली त्यात निम्म्या पेशंटना पेशी न घालता नुसतंच खोटं ऑपरेशन केलं होतं, आणि तुलना केल्यावर वयस्कर पेशंटमध्ये फरक दिसला नाही, उलट पेशी घातलेल्यांपैकी काहींना औषध बंद असतानाही अंग आपोआप वेडंवाकडं हलण्याचा त्रास सुरू झाला. आणि २००८ मध्ये कळलं की दहापेक्षा जास्त वर्षांपूर्वी घातलेल्या पेशींतही पार्किन्सन्सच्याच प्रथिनांच्या गाठी, लुई बॉडीज, सापडल्या, म्हणजे आजार नव्या पेशींनाही धरतो!! हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

तरी आशा आहे, खरंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये दोन ट्रायलचे निकाल आले, जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या ट्रायलमध्ये ७ पेशंट (शास्त्रज्ञ यामानाकांनी शोधलेल्या आयपीएस पेशी, म्हणजे शरीरातल्या साध्या पेशींना परत मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या स्टेम सेल, ज्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं) आणि दुसऱ्या, उत्तर अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये १२. पेशी जगल्या, डोपामाइन बनवत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलं, ट्यूमर झाले नाहीत, काहींच्या हालचाली सुधारल्या. पण पेशंट इतके थोडे, आणि यात खोट्या ऑपरेशनचा गट नव्हता, पार्किन्सन्समध्ये तर नुसत्या आशेनेही माणसाला बरं वाटतं, म्हणून मोठ्या ट्रायलचे निकाल येईपर्यंत मी तरी याला उपचार म्हणणार नाही. शिवाय रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बरेच महिने घ्यावी लागतात, वयस्कर माणसाला ते सोपं नाही.

अल्झायमरचं विचाराल तर तिथे गणितच वेगळं. पार्किन्सन्समध्ये हालचालीचा त्रास मुख्यतः एका छोट्या भागातल्या पेशी गेल्याने होतो म्हणून तिथे नवीन पेशी घालणं निदान शक्य वाटतं, अल्झायमरमध्ये नुकसान मेंदूभर पसरलेलं असतं, कुठे कुठे घालणार?

धोकाही लक्षात घ्या. बाहेरदेशी जाऊन मेंदूत स्टेम सेल टोचून घेतलेल्या एका मुलाला त्याच पेशींपासून मेंदूत आणि मणक्यात ट्यूमर झाल्याची केस २००९ मध्ये छापून आली आहे. क्लिनिकला विचाराच, कुठल्या पेशी, कुठे टोचणार, ट्रायलचा नोंदणी क्रमांक काय, आणि ट्रायल असेल तर पैसे का मागताय. आणि ते लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं नेहमीचं मुख्य औषध) बंद करा म्हणाले तर स्वतःच्या न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका, ती अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.