वाटी केवढी? किशोरांचं खाणं मोजायला निघालेल्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सोलापूर जिल्ह्यातल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी केलेली तुझी ऑनलाइन प्रश्नावली वाचली. कष्ट दिसतात. पण १२० पदार्थांची यादी आणि प्रत्येकापुढे ‘गेल्या महिन्यात किती वेळा’ हा मुख्य साचा बदल. मोबाइलवर चाळिसाव्या ओळीपर्यंत अंगठा एकाच रकान्यातून खाली सरकायला लागतो. शिवाय तू १८ भाज्या वेगवेगळ्या विचारल्या आहेस. मुलीने भिडेपोटी प्रत्येकीपुढे ‘आठवड्यातून एकदा’ टिचकी मारली, की आठवड्याला १८ वेळा भाजी झाली. दोन वेळची जेवणं धरली तर आठवड्यात चौदाच. यादी जितकी लांब, तितका आहार कागदावर फुगतो. क्वचित खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे मासे, कलेजी, अंडी, पालेभाजी, फळं यांसाठी, पंधरा ओळींची छोटी यादी ठेव. ‘कधीच खात नाही’ असं म्हणणारी मुलं तिथेच सापडतात.

मुख्य मोजमाप चोवीस तासांच्या आठवणीवर घे, म्हणजे काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारून. त्यासाठी अनेक फेऱ्यांची पद्धत पक्की बसलेली आहे. आधी आठवेल ते भराभर नुसतं नाव, मग विसरलेल्या पदार्थांची चाचपणी, मग वेळ आणि जागा, मग प्रमाण आणि तपशील, शेवटी पुन्हा एक नजर. हा क्रम मोडू नकोस. पहिल्याच पदार्थाला ‘किती वाट्या, तेल किती’ विचारलंस, तर मूल पुढचे पदार्थ सांगायचंच टाळतं, कारण प्रत्येक नावामागे चार प्रश्न लागतात हे त्याला लगेच कळतं.

अशा साधनाकडून किती अपेक्षा ठेवायची तेही आत्ताच ठरव. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात घडलेलं ‘इंटेक२४’ हे चोवीस तासांच्या आठवणीचं ऑनलाइन साधन मुळात ११ ते २४ वर्षं वयाच्या मुलामुलींसाठीच होतं. प्रत्यक्ष मुलाखतीशी पडताळलं तेव्हा ऊर्जेची सरासरी जेमतेम १ टक्क्याने कमी आली. पण एकेका व्यक्तीचा फरक उणे ४९ ते अधिक ९३ टक्के इतका पसरलेला होता. म्हणजे वर्गाची सरासरी विश्वासाने सांग, पण ‘तुझ्या आहारात लोह कमी आहे’ अशी चिठ्ठी एकाही मुलाच्या हातात देऊ नकोस. तुझ्या मसुद्यातलं शेवटचं ‘तुझा निकाल पाहा’ हे पान काढून टाक. या वयात कॅलरीचा आकडा पडद्यावर दिसला, की काही मुली दुसऱ्या दिवसापासून पोळी निम्मी करतात. तू मोजायला निघालेली गोष्टच तुझ्या मोजण्याने बदलते.

‘काल’ म्हणजे काय, हेही नीट सांगावं लागतं. अभ्यासाच्या नावाखाली रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलाने साडेबाराला खाल्लेला चिवडा कालचा की आजचा? ‘काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत’ असं स्पष्ट लिही. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असे खण पाडू नकोस, दिवसाच्या वाटेने जा: उठल्यावर, शाळेला निघताना, मधली सुट्टी, शाळा सुटल्यावर, क्लासच्या आधी किंवा नंतर, रात्री, झोपायच्या आधी. सगळ्यात जास्त खाणं हरवतं ते शाळा आणि क्लासच्या मधल्या तासात. विसरलेल्यांच्या चाचपणीत नावं घेऊन विचार: चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं, लोणचं, पापड, चटणी, चॉकलेट, प्रसाद, स्वयंपाकघरातून जाता-येता उचललेले शेंगदाणे, मित्राच्या डब्यातला घास. शेंगाचटणी तुझ्या जिल्ह्यात ‘तोंडीलावणं’ म्हणून निसटेल. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५२० किलोकॅलरी असतात. दोन चमचे भरून चटणी म्हणजे साधारण शंभर किलोकॅलरी, आणि ती रोज असते.

नावांचा घोळ शोधपेटीत होतो. पोहे, पोहा, कांदेपोहे, कांदापोहे, आणि हेच सगळं रोमन लिपीत चार तऱ्हांनी. ‘भाजी’ लिहायला जाऊन ‘भजी’ होते. आमटी, वरण, कालवण, रस्सा यांत घरोघरी फरक. सोलापुरात तेलुगू आणि कानडी बोलणारी घरं भरपूर आहेत, त्यांची नावं वेगळी. प्रत्येक पदार्थामागे किमान पाच-सहा पर्यायी नावं भर, आणि ‘सापडलं नाही, मी लिहितो’ असा रकाना ठेव. तो रोज रात्री वाच. तिथे एकच नाव तिसऱ्यांदा दिसलं, की यादीत घाल.

आता प्रमाण. खरी गडबड इथेच होते, आणि ती सॉफ्टवेअरने सुटत नाही. तुझ्या मसुद्यात ‘१ वाटी’ आहे. कुठली? आमटीची वाटी कुणाकडे १०० मिलिलिटरची असते, कुणाकडे २०० ची. आमटीचा आकडा तिथेच दुप्पट होतो. म्हणून प्रश्नावलीला हात लावायच्या आधी स्वयंपाकघराचा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घे, दहा-बारा घरांत जा आणि ताटं तोल. एकाच पदार्थाचे लहान ते मोठे पाच-सहा फोटो काढ, सगळे एकाच स्टीलच्या ताटात, एकाच कोनातून, शेजारी चमचा ठेवून. मुलं आकडा सांगताना अडखळतात, फोटोवर बोट लगेच ठेवतात.

भाकरी नुसत्या वजनावर घेऊ नकोस, पीठ किती ते पकड. ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची ताजी भाकरी ११० ग्रॅमच्या आसपास भरते. तिचीच कडक भाकरी केली, की पाणी उडून ती सत्तरच्या जवळ येते. ऊर्जा दोन्हींत तीच, सुमारे २३४ किलोकॅलरी, कारण ज्वारी १०० ग्रॅमला ३३४ देते. ताज्या भाकरीचा आकडा कडकला लावलास, तर तिसरा हिस्सा हवेत गेला. भाताचं उलटं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत, पण ते प्रामुख्याने कच्चे. १५० ग्रॅम शिजलेला भात ‘तांदूळ’ म्हणून नोंदला गेला, तर ५३४ किलोकॅलरी. प्रत्यक्षात तो साधारण ५४ ग्रॅम तांदळाचा, म्हणजे १९० च्या घरातला. म्हणून प्रत्येक पदार्थाची कृती, कच्चं वजन आणि शिजल्यावरचं वजन लिहून ठेव.

तेल मुलांना विचारूच नकोस, त्यांना कसं कळणार? ज्या घरांत तोलशील तिथे महिन्याचं तेल विचार. चार माणसांत तीन लिटर म्हणजे २,७३० ग्रॅम, माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम. तुझ्या कृतींमधून दिवसाचं तेल दहा ग्रॅमच निघत असेल, तर कृती चुकल्या आहेत. पुड्यांचं वजन विचारू नकोस, किंमत विचार. मुलांना पाच आणि दहाची पुडी पक्की आठवते. पण किंमत तीच ठेवून आतले ग्रॅम कमी होत जातात, म्हणून त्याच महिन्यात दुकानात जाऊन छापील वजनाचा फोटो काढ. आणि पुढचा प्रश्न कधी गाळू नकोस: ‘त्यातलं तू किती खाल्लंस?’ एक प्लेट चौघांत जाते.

फोन बहुधा घरातला असतो आणि संध्याकाळी तो आईच्या नजरेसमोर असतो. शाकाहारी घरातला मुलगा बाहेर अंडाबुर्जी खातो, एखादी मुलगी डबा न खाता परत आणण्याऐवजी वाटून टाकते. ते आईसमोर कोण लिहील? जमेल तिथे शाळेच्या संगणक कक्षात, एकेकाला अंतरावर बसवून भरून घे. घरूनच भरायचं असेल तर मागची उत्तरं पडद्यावर राहू देऊ नकोस, आणि पान बंद झाल्यावर दुवा पुन्हा उघडला तर रिकामा दिसू दे. परवानगीच्या बाबतीत सवलत नाही: पालकांची संमती, बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमती, शाळेचं पत्र. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचे सगळे ‘बालक’ आहेत.

एक दिवस पुरत नाही. नोंदवलेला आहार नेहमीच्या आहाराशी ०.८ इतका जुळायला (सहसंबंध) हवा, तर ०.८ चा वर्ग ०.६४, त्याला एकातून उरलेल्या ०.३६ ने भाग, १.७८ येतात. त्याला एकाच मुलाच्या दिवसा-दिवसांतल्या व्हेरिअन्सचं (आकड्यांच्या चढउताराचं माप) मुला-मुलांमधल्या व्हेरिअन्सशी जे गुणोत्तर असेल त्याने गुण. ते २ असेल तर ३.६, म्हणजे चार दिवस. अ जीवनसत्त्वासाठी याहून कितीतरी जास्त लागतात, त्या वाटेला जाऊ नकोस. दिवस सलग नकोत, आणि त्यांत एक रविवार हवा. शनिवारी सकाळची शाळा असेल तर त्या दिवसाचं खाणं वेगळं पडतं, तोही कुठेतरी येऊ दे. गणपती, दिवाळी, परीक्षेचा आठवडा वगळ.

माहिती गाळताना घाई नको. ४५ किलोच्या मुलीची पायाभूत ऊर्जा, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसाला लागणारी, शोफिल्डच्या सूत्राने १३.३८४ गुणिले ४५ अधिक ६९२.६, म्हणजे सुमारे १,२९५ किलोकॅलरी. तिने ६२० नोंदवली तर नोंदीचं या गरजेशी गुणोत्तर ०.४८, निम्म्याहूनही कमी. विसरली असेल, आजारी असेल, किंवा चतुर्थी असेल. ‘काल उपवास किंवा रोजा होता का? बरं नव्हतं का?’ हे दोन प्रश्न शेवटी घातलेस, तर निम्म्या शंका तिथेच मिटतील. पाच मिनिटांच्या आत भरलेली नोंद मात्र बाजूला ठेव आणि गाळलेल्यांची संख्या निष्कर्षात छाप. प्रमाणाच्या रकान्यात ‘१२ वाट्या’ आल्या तर ‘नक्की १२ का?’ एवढंच विचार, अडवू नकोस. अडवलं की मुलं यंत्राला पटेल तो आकडा टाकतात.

लोहाचा हिशेब करणार असशील तर शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी वेगळी विचार. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं, दिवसाला साडेआठच्या वर. ‘मिळाली का’ आणि ‘गिळली का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मळमळतं म्हणून खिशात राहिलेल्या गोळ्या पुष्कळ.

सगळं जुळल्यावर दहा-बारा मुलांना शेजारी बसवून, मोठ्याने बोलत भरायला सांग. तू गप्प बस, मदत करू नकोस, कुठे थांबतात तेवढं टिपून घे. पाचजण एकाच पानावर थांबले, तर ते पान पुन्हा लिही. आणि फोटोंसाठी दुकानातून नव्या चकचकीत वाट्या आणू नकोस. ज्या घरांत तोलायला जाशील, तिथल्याच रोजच्या वाट्या दोन दिवस मागून घे.

तुझा मसुदा दुरुस्त झाला की पाठव.