डिस्क शेवटी डावीकडेच वळते, काय चुकतंय?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही म्हापशाचे. एप्रिल-मेमध्ये मुलाकडे अमेरिकेत होतो, त्याच्या घराजवळच्या पार्कात डिस्क गोल्फचा (प्लास्टिकची चकती फेकत कमीत कमी फेकींत टार्गेटपर्यंत पोचवायची, तो खेळ) नऊ होलचा, म्हणजे नऊ टप्प्यांचा, सोपा कोर्स होता. मी (वय ५४) आणि मिसेस रोज संध्याकाळी खेळायचो, वेडच लागलं. येताना मुलाने तीन डिस्कचा सेट दिला. आता इथे मैदानावर टाकतो तर डिस्क शेवटी डावीकडे जाऊन पडते, लांबही जात नाही. जास्त फास्ट डिस्क मागवू का? आणि बास्केट (साखळ्या लावलेला खांब नि खाली टोपली, तेच टार्गेट) नसताना खेळायचं कसं?

उत्तर : फास्ट डिस्क मागवू नका, प्लीज. नवीन माणूस हीच चूक करतो, मीही केली होती. तुम्ही उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून डावीकडे नेऊन पुढे झटकत, टाकत असणार. तसं टाकलं की डिस्क वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि वेग कमी झाला की डावीकडे कलते, भोवरा मंदावला की कलंडतो ना तसंच समजा, म्हणजे डावीकडे जाणं हा दोष नाही, तो तिचा स्वभावच आहे. डावखुऱ्यांची उजवीकडे जाते. प्रश्न फक्त किती लवकर कलते हा आहे, आणि ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची फास्ट डिस्क, घेऊन आपल्या वेगाने टाकली तर ती फारच लवकर कलते, कारण तिची पातळ कड जोरात टाकणाऱ्यासाठी बनवलेली असते.

बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, स्पीड (वेग), ग्लाईड (तरंगणं), टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं) आणि फेड (वेग कमी झाल्यावर डावीकडे वळणं), याच क्रमाने. पहिला आकडा बघा. पटरचा (जवळून टाकायची डिस्क) साधारण २-३, मिडरेंजचा (मध्यम अंतराची) ४-५, आणि साधारण ६ च्या वरचं सगळं ड्रायव्हर, ते सध्या कपाटात ठेवा. चौथा आकडा म्हणजे शेवटचा फेड, तो जितका मोठा तितकी डावीकडची ओढ जास्त. एक महिना फक्त पटर आणि मिडरेंजने खेळा, मला खात्री आहे तुमची पटरच ड्रायव्हरपेक्षा लांब जाईल. टाकताना डिस्कचं पुढचं टोक वर उचललेलं नको, नाहीतर ती वर चढते, थांबते आणि डावीकडे कोसळते. जोर कमी, मनगटाची फिरकी जास्त. मुलाकडून पुढच्या वेळी काही मागवायचंच असेल तर १५० ते १६५ ग्रॅमची हलकी डिस्क मागवा, आपल्या वयाला तीच बरी.

बास्केटचं म्हणाल तर ती नव्हती तेव्हाही हा खेळ होताच. लोक झाडावर, दिव्याच्या खांबावर नेम धरायचे. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात १९७५ साली पहिला कायमचा कोर्स एड हेड्रिक यांनी आखला तेव्हा तिथेही सुरुवातीला नुसते खांबच होते! मग लागली की नाही लागली यावर वाद, म्हणून साखळ्यांची बास्केट आली, साखळीत डिस्क अडकून खाली पडली की विषय संपला. तुम्ही दोघंच खेळताय, तेव्हा खांबाला सायकलचा जुना टायर बांधा किंवा रंगीत फडकं गुंडाळा, लागली की होल पूर्ण.

प्रश्न : मी फोंड्याजवळ शाळेत शिकवतो. आमच्या वाड्यावरच्या पार्कात मुलांसाठी छोटा कोर्स आखायचा विचार आहे. किती अंतर ठेवू? काय काळजी घ्यावी?

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला. नऊ होल नाही जमले तर पाच करा, पण अंतर ४० ते ६० मीटरच्या वर नेऊ नका, मुलं तीन फेकींत पोचली की त्यांना मजा येते, सात-आठ लागल्या की कंटाळतात. आधी पंचायतीची परवानगी घ्या. फेकायची दिशा चालण्याच्या वाटेवरून किंवा झोपाळ्यांकडे अजिबात नको, आणि समोर माणूस दिसला तर थांबायचं, तो पुढे गेल्यावरच टाकायचं, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी शिकवा. जवळजवळ पावणेदोनशे ग्रॅमचं कडक प्लास्टिक डोक्याला लागलं तर खेळ तिथेच बंद होईल.

माडाला टार्गेट करू नका आणि माडाखाली टी (पहिली डिस्क टाकायची जागा) पण नको, नारळ नि चुडतं कधी पडतील सांगता येत नाही. चिऱ्याच्या खडबडीत जागेवर डिस्क पडली की कडेवर उभी राहून घरंगळत लांब जाते आणि कडाही खरवडतात, म्हणून गवताचा भाग निवडा. पण जून ते सप्टेंबर हेच गवत गुडघाभर वाढतं. माझी हिरवी डिस्क अशीच गेली, दोन तास शोधली, नाही मिळाली, आणि पावसाळ्यात गवतात हात घालायची मला भीतीच वाटते, सापांचे दिवस. गुलाबी किंवा नारिंगी डिस्क घ्या आणि खालच्या बाजूला मोबाईल नंबर लिहा.

नियम थोडेच सांगा. डिस्क पडली त्याच्या मागे उभं राहून पुढची फेक, जो टार्गेटपासून लांब तो आधी, हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड, म्हणजे एक फेक जास्त मोजायची. टार्गेटपासून १० मीटरच्या आत टाकल्यावर तोल जाऊन पुढे पाऊल पडलं तर चालत नाही, तो नियम थोडी मोठी मुलं झाल्यावर.

प्रश्न : मिरामारला दुपारी प्रॅक्टिस करते, डिस्क समुद्राकडे टाकली की उजवीकडे वळते, उलट टाकली की लगेच खाली बसते. डिस्क खराब झाली का? (पणजी)

उत्तर : डिस्क ठीक आहे, वारा आहे. दुपारी समुद्रावरून वारा येतो. समोरच्या वाऱ्यात डिस्कला तिच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त वेग असल्यासारखं होतं म्हणून ती वर उचलली जाते नि उजवीकडे पलटते, पाठीमागून वारा असला की उचल कमी मिळते. सकाळी सातच्या आत जाऊन बघा, वारा पडलेला असतो, तेव्हा तुमचा हात कसा आहे ते नीट कळेल.